माळवदाच्या घराचं वायरिंग: अर्धंच करा, पण मेनपासून करा

सोयाबीनवरची पोस्ट पुढच्या आठवड्यात टाकतो, आज विषय घराचा आहे. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. मार्च ते मे या दिवसांत निम्म्या गावाच्या घरात कसलं ना कसलं काम निघतं. कुणी फरशी बसवतो, कुणी मोरीला टाइल्स लावतो, कुणी माडीवर पत्रा टाकतो. वायरिंगचं काम मात्र कुणी स्वतःहून काढत नाही. जळाल्यावर निघतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. जुन्या घराचं वायरिंग एका दमात सगळं बदलायला पैसे नसतील तर अर्धंच बदला. त्यात कमीपणा काही नाही. पण ते अर्धं कुठून सुरू करायचं हे तुम्ही ठरवा, वायरमनवर सोडू नका. आणि त्याचा खर्च ड्रीपच्या आणि मोटारीच्या खर्चासारखा वर्षाच्या वहीत आधी मांडा.

आमचं घर बार्शी तालुक्यात. पांढऱ्या मातीच्या दोन-अडीच फुटी भिंती, वर सागाच्या तुळया आणि माळवद. बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन-तीन वर्षांनी आण्णांनी, म्हणजे वडिलांनी, घरात लाईट घेतली. तेव्हाचं फिटिंग म्हणजे लाकडी पट्टीवर क्लिपा मारून ओढलेली वायर, लाकडी बोर्ड, काळी गोल बटणं आणि चिनी मातीचे कटआउट. त्या काळच्या हिशेबाने काम उत्तमच होतं. चार बल्ब आणि एक रेडिओ, एवढाच भार. चाळीस वॅटचे चार बल्ब लावले तरी १६० वॅट, म्हणजे पाऊण अँपियरसुद्धा होत नाही.

आज त्याच मुळावर काय काय टांगलंय बघा. फ्रीज, मिक्सर, इंडक्शन, घरघंटी, इस्त्री, मोरीत गिझर, गोठ्यात कडबाकुट्टी. हिशेब सोपा आहे, वॅटला २३० ने भागा, अँपियर येतात. इंडक्शन २००० वॅटची, पावणेनऊ अँपियर. गिझर ३००० वॅटचा, तेरा अँपियर. नुसती ही दोन चालू केली तरी बावीसच्या जवळ जातात. आणि ते सगळं वाहून नेणारी वायर कोणती, तर जुन्या माणसांच्या भाषेतली तीन-बावीस, म्हणजे आजच्या दीड एमएमच्या आत-बाहेरची. तीही बऱ्याच घरांत ॲल्युमिनियमची.

ज्यांच्याकडे ठिबक आहे त्यांना वेगळं समजावायची गरज नाही. मेन लाईन, सबमेन, लॅटरल. सोळा एमएमच्या लॅटरलवर कुणी दहा एचपीची मोटार जोडत नाही. जोडली तर नळी फुटते, पाणी दिसतं, आपण पळत जातो. घरात नळी फुटत नाही. वायर आतल्या आत तापते, वरचं रबर कडक होऊन गळतं, आणि हे सगळं तुळईच्या मागे चालतं जिथे कुणाची नजर जात नाही. शेतात पाइपचा साइज ठरवताना आपण इंजिनिअर होतो आणि घरात "वायर कोणतीही टाक रे" म्हणतो, हे मला पटत नाही.

आता अर्धं म्हणजे कुठलं अर्धं?

बहुतेक जण जिथे दिसतं तिथून सुरू करतात. बाहेरची पडवी, बसायची खोली, नवे स्विच, पांढरे बोर्ड, पंख्याला रेग्युलेटर. पाहुण्यांना ते दिसतं. पण त्या खोलीत भार किती? दोन एलईडी, एक पंखा, एक टीव्ही. तिथलं जुनं वायरिंग अजून दोन-तीन वर्षं सांभाळता येतं. धोका आहे तो ओल्या हाताच्या जागी: स्वयंपाकघर, मोरी आणि गोठा. आम्ही हेच तीन निवडले, आणि त्यांच्या आधी मीटरपासून पुढचं मेन आणि अर्थिंग. मीटरपर्यंतची जबाबदारी महावितरणची, मीटरच्या पुढचं सगळं आपलं, हे ध्यानात असू द्या.

आमच्याकडे कामाला तोंड फुटलं ते आईच्या एका वाक्याने. ती म्हणाली, "पावसाळ्यात मोरीचा नळ चावतो." चावतो म्हणजे झिणझिण्या येतात. आण्णांचं म्हणणं, "पन्नास वर्षं झाली, काही झालं नाही." मी त्यांच्याशी वाद घातला नाही. पण पन्नास वर्षांत त्या मोरीत गिझर नव्हता, हे त्यांनाही माहीत होतं. वरून माळवद गळतं, भिंत ओली होते, जुन्या वायरमधून करंट ओल्या भिंतीत उतरतो आणि नळाला येतो. मागच्या पावसाळ्यात शेजारच्या वस्तीवर गोठ्याच्या पत्र्यात करंट उतरून दुभती म्हैस गेली. जनावराला माणसापेक्षा लवकर बसतो, कारण त्याचे पुढचे आणि मागचे पाय लांब असतात, दोन्हीकडच्या ओल्या जमिनीतला फरक त्याच्या अंगातून जातो. म्हशीची किंमत धरली तर वायरिंगचा खर्च जास्त आहे असं कुणी म्हणू नये.

आता अर्थिंगबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण गावात सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत.

पहिला गैरसमज, "आमच्या बोअरच्या केसिंगला वायर बांधलीय, झालं अर्थिंग." दुसरा त्याहून वाईट, न्यूट्रललाच अर्थ म्हणून सॉकेटच्या तिसऱ्या पिनला जोडणं. डीपीकडून येणारा न्यूट्रल कधी तुटला तर फ्रीजच्या अंगावर थेट फेज येतो. न्यूट्रल ढिला झाला की घराघरांत टीव्ही-पंखे जळतात हे आपण पाहिलंय. त्याच वेळी अशी जोडणी असेल तर फ्रीजचा दरवाजा उघडणाऱ्याचं काय होईल विचार करा.

तिसरा गैरसमज शिकलेल्या लोकांतही आहे: अर्थिंग केलं म्हणजे सुरक्षित झालो. नाही झालो. समजा तुमच्या अर्थिंगचा रोध वीस ओहम आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात मुरमाड जमिनीत एवढा सहज येतो. गिझरच्या टाकीला फेज चिकटली तर करंट किती वाहणार? २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपियर. सोळाचा एमसीबी साडेअकराला पडतच नाही. तो निवांत बसून राहतो, टाकी आणि नळ जिवंत राहतात आणि मीटर फिरत राहतं. अर्थिंग दहा ओहमचं असलं तरी तेवीस अँपियर, एमसीबी पडेल पण लगेच नाही, बराच वेळ घेऊन.

म्हणून आरसीसीबी हवा. फेजने गेलेला करंट आणि न्यूट्रलने परत आलेला करंट हे उपकरण सतत तोलत असतं. मधे कुठे तीस मिलिअँपियर गळाला, म्हणजे एका अँपियरचा तीस-पस्तिसावा हिस्सा, की डोळ्याची पापणी लवायच्या आत सप्लाय तोडतो. तो तीस मिलिअँपियरचाच घ्या. दुकानात शंभरचा आणि तीनशेचाही मिळतो, तो आगीपासून बचावाला असतो, माणसाच्या अंगाला नाही. आणि आरसीसीबी लावला म्हणून एमसीबी काढायचा नाही, दोघांची कामं वेगळी. आरसीसीबीवर एक टेस्टचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबा. पडला तर ठीक. नाही पडला तर तो भिंतीवरचा डबा आहे.

अर्थिंगचा खड्डा कुठे घ्यायचा हे ठरवायला आपल्यासारखा माणूस नाही. जिथे ओल टिकते तिथे. काळी माती ओल धरते पण उन्हाळ्यात भेगाळते आणि पाइपपासून सुटते. मुरूम ओल धरतच नाही. आम्ही मोरीच्या सांडपाण्याच्या बाजूला, भिंतीपासून दीड मीटर सोडून, अडीच मीटर लांबीचा गॅल्व्हनाइज्ड पाइप घातला, भोवती कोळसा आणि मीठ थराथराने, वर झाकण आणि पाणी ओतायला नरसाळं. गोठ्यासाठी दुसरा खड्डा हौदाजवळ. एप्रिल-मेमध्ये आठवड्याला एक बादली पाणी दोन्हीकडे. लिंबाच्या झाडाला घालतो तसंच.

आता अर्धं काम करताना जी अडचण येते ती सांगतो. पूर्ण घर करणाऱ्याला ती येत नाही, म्हणून कुणी सांगतही नाही.

नवीन लाईनचा न्यूट्रल जुन्या लाईनच्या न्यूट्रलला कुठेही भेटता कामा नये. जुन्या फिटिंगमध्ये वायर वाचवायला दोन-दोन, तीन-तीन खोल्यांचा न्यूट्रल एकच ओढलेला असतो. तो नव्या आरसीसीबीच्या पुढे कुठेतरी जोडला गेला की तोल बिघडतो आणि आरसीसीबी सारखा पडतो. मग काय होतं? वायरमन म्हणतो "हे तुमच्या जुन्या घरात चालत नाही, बायपास करू." आणि साडेदहा हजारांचं पॅनेल शोभेचं होतं. तो सारखा पडतोय म्हणजे एक तर न्यूट्रल मिसळलाय नाहीतर खरंच गळती आहे. दोन्ही शोधता येतात. एकेक लाईन सोडवून मेगर लावा. ५०० व्होल्टच्या मेगरवर एक मेगओहमपेक्षा कमी दाखवलं तर ती लाईन गळते. आमची कोठीतली जुनी लाईन अशीच निघाली. उंदरांनी तुळईच्या वर वायर कुरतडून ठेवली होती. ती लाईन त्याच दिवशी कायमची तोडली.

दुसरी गोष्ट, जुन्या ॲल्युमिनियमला नव्या तांब्याचा पीळ मारून टेप गुंडाळायची नाही. दोन धातूंचा सांधा हवेतल्या ओलीने गंजतो, ढिला होतो, तापतो. पिळाचा सांधा आणि त्यावर काळी टेप हे आपल्या गावाचं राष्ट्रीय फिटिंग आहे, पण नव्या कामात त्याला जागा देऊ नका. जुनं आणि नवं वेगळ्या एमसीबीवर घ्या, मधे सांधाच नको.

आम्ही तीन आरसीसीबी घेतले. एक नव्या स्वयंपाकघर-मोरीला, एक गोठ्याला, एक राहिलेल्या जुन्या घराला. तीन कशाला, असं तात्यांनी, म्हणजे धाकट्या चुलत्यांनी, विचारलं. उत्तर असं की जुनं फिटिंग पावसात कधीतरी पडणारच, तेव्हा आईचं स्वयंपाकघर अंधारात जायला नको. आणि गोठ्यातली मोटार रुसली म्हणून फ्रीज बंद पडायला नको.

कन्सील करायचं का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. सिमेंटच्या विटांच्या घरात करा. पांढऱ्या मातीच्या भिंतीत करू नका. छिन्नी मारली की एका इंचाच्या जागी चार इंचाचा ढेकूळ पडतो, सिमेंट मातीला धरत नाही, दोन पावसाळ्यांत चिरतो आणि पाणी सरळ पाइपात. शिवाय माळवदाच्या घरात भिंत हाच खांब, तिला उभ्या-आडव्या घळी पाडणं मला मंजूर नाही. भिंतीवरून जाड पीव्हीसी पाइप, लाकडाला क्लॅम्प, बस्स. दिसायला गोठ्यासारखं दिसतं असं घरातल्यांनी ऐकवलं, ते ऐकून घेतलं.

वरून पाइप घेण्याचं दुसरं कारण गावाकडचंच आहे. घर सामाईक आहे. आण्णांचा हिस्सा, तात्यांचा हिस्सा, पुण्याच्या चुलतभावाचा हिस्सा. वाटणी झालेली नाही. अशा घरावर कुणी खर्च करत नाही, कारण उद्या ती खोली कुणाच्या वाट्याला जाईल सांगता येत नाही. तालुक्यात अशी किती घरं असतील जिथे शेतावर तिघांची तीन बोअर आहेत आणि घरात आजोबांच्या काळचा एक कटआउट! माझं म्हणणं असं की सुरक्षेचा खर्च वाटणीची वाट बघत नाही. जे राहतात त्यांनी करावा, वहीत तारखेनिशी आणि पावत्यांनिशी लिहावा, बाकीच्यांना फोटो पाठवावा आणि वाटणीच्या दिवशी वजा करून मागावा. आमच्या पुण्याच्या भावाने न मागता वीस हजार पाठवले, तात्यांनी मजुरीत पाच दिले. वरून घेतलेला पाइप, पॅनेल, वायर उद्या काढून नेता येते. भिंतीत गाडलेली नेता येत नाही. भावकीत हा मुद्दा चालतो, वापरून बघा.

आता बजेट. वायरमन "पॉइंटच्या भावाने" दर सांगतो, मालासकट इतके, मालाविना इतके. मजुरीला ही पद्धत ठीक आहे. मालासकट घेऊ नका. पॉइंट म्हणजे मीटरशेजारचा बल्बही आणि तीस मीटरवरची कडबाकुट्टीही. दोघांचा भाव एक असेल तर कुठेतरी बारीक वायर घुसणारच.

त्याआधी घराचा नकाशा काढा. वहीच्या पानावर, पट्टीने नाही काढला तरी चालेल. कुठे काय चालणार, किती वॅटचं, ते लिहा. पाच वर्षांत काय येणार तेही लिहा. मग सुतळी घेऊन पॅनेलपासून त्या जागेपर्यंत वायर जशी जाईल तशी मोजा, भिंतीवर चढणं-उतरणं धरून. सरळ अंतर मोजलं तर हमखास कमी पडतं. आमच्या स्वयंपाकघराला १४ मीटर आलं आणि तिथे पॉवरच्या दोन वेगळ्या लाईनी, म्हणजे २८. मोरीच्या गिझरला १८. एकूण ४६ मीटर, वर चार मीटर सूट, म्हणजे ५०. फेज, न्यूट्रल, अर्थ तिन्ही धरून लाल ५०, काळी ५०, हिरवी ५०. कॉइल ९० मीटरची आणि एका रंगाची येते, पण ओळखीचा दुकानदार मीटरवर तोडून देतो. तीन रंग पाळा. सगळी वायर एकाच रंगाची टाकली की पुढच्या माणसाला टेस्टरवर जगावं लागतं.

कुठे कोणती वायर? लाईट-पंख्याला दीड एमएम आणि दहाचा एमसीबी. सोळा अँपियरच्या सॉकेटला अडीच एमएम आणि सोळाचा एमसीबी. एमसीबी वायर बघून निवडायचा, उपकरण बघून नाही. तो वायरीचा राखणदार आहे. सारखा पडतो म्हणून पंचवीसचा टाकला, तर पूर्वी कटआउटला जाड तार बांधायचे त्यातलाच प्रकार. गोठ्याला आम्ही चार एमएम नेली. दोन एचपीची कडबाकुट्टी चालताना दहा अँपियरच्या आसपास घेते, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहापट खेचते. तीस मीटरवर बारीक वायर असेल तर त्या क्षणी व्होल्टेज पडतं, मोटार गुरगुरते आणि घरातले दिवे मिणमिणतात. आपल्याकडे मुळातच व्होल्टेजची रड, त्यात आपली भर नको. मोटारीच्या लाईनीला सी प्रकारचा एमसीबी मागा. वायरवर आयएसआय मार्क आणि आयएस ६९४ छापलेलं बघूनच घ्या.

आमचा खर्च सांगतो, बार्शीच्या बाजारातला, यंदाच्या उन्हाळ्यातला. तांब्याचा भाव हलतो, त्यामुळे आकडा तुमच्याकडे वेगळा येईल. पॅनेलचा सोळा खणांचा डबा, मेन आयसोलेटर, तीन आरसीसीबी आणि आठ एमसीबी मिळून १०,५००. यातला निम्म्याहून जास्त पैसा एकट्या आरसीसीबीचा, ६,३००. सगळी वायर १८,२६०. पाइप, बेंड, क्लॅम्प ३,२४०. स्विच, सॉकेट, बोर्ड, गोठ्याचे काचेच्या झाकणाचे दिवे ६,५००. दोन अर्थिंग ५,५००. मजुरी १५,०००. भिंतीची डागडुजी ४,०००. झाले ६३,०००. त्यावर पंधरा टक्के, म्हणजे साडेनऊ हजार, हात न लावायचे म्हणून बाजूला ठेवले. एकूण तयारी साडेबहात्तर हजारांची.

ही पंधरा टक्के जुन्या घरात लागतातच. मीटरची लाकडी फळी काढली तर मागून वाळवीने पोकळ. नवी फळी आणि पत्र्याचा बॉक्स ३,०००. मोरीच्या भिंतीला क्लॅम्प मारायला गेलो तर खालचा थर भुसभुशीत, तेवढ्यापुरत्या विटा लावून घेतल्या, ४,२००. शेवटचा आकडा ७०,२००. पूर्ण घर कन्सील करायचे आम्हाला एक लाख साठ हजार सांगितले होते. ते एकदम जमणार नव्हते, आणि जमेपर्यंत थांबलो असतो तर आणखी दोन पावसाळे नळ चावत राहिला असता.

सत्तर हजार ही लहान रक्कम नाही, मला कळतं. पण ट्रॅक्टरच्या मागच्या टायरांची जोडी बदलताना आपण चार दिवस रडतो आणि बदलतो, कारण काम अडतं. वायरिंगने काम अडत नाही म्हणून ते मागे पडतं. आम्ही तुरीच्या पैशातून पन्नास टक्के बाजूला काढले तेव्हा घरात विचारणा झाली, बियाण्याचं काय? बियाणं घरचंच धरलं. सोयाबीन आहे, उगवण तपासून घरचं चालतं, त्यावर मागे लिहिलंय. एक बॅगही विकत आणली नाही.

काम कधी काढायचं? रब्बी घरात आल्यावर आणि मृगाच्या आत. या दिवसांत भिंती कोरड्या असतात आणि मेगरचं रीडिंग खरं येतं की नाही ते नंतर पावसात ताडून बघता येतं. पण वायरिंगच्या आधी माळवद. जिथून पॅनेल आणि बोर्ड जाणार त्याच्या वरची गळती आधी बंद करा, पांढरी माती टाकून घ्या. आमच्या गावात नवं पॅनेल गळक्या तुळईखाली लावलेलं मी पाहिलंय.

कोठीबद्दल एक. जिथे सोयाबीन, कडबा, भुसकट साठवतो तिथे सॉकेट नकोच. एक काचबंद दिवा, आणि त्याचं बटण दाराबाहेर. पोत्यांची थप्पी दिव्यापर्यंत गेली की दिवा बंद, हा नियम. गोठ्यात पाइप शिंगाच्या उंचीच्या वर, लोखंडी खांबाला वायर टेकवायची नाही, आणि पत्रा-खांब अर्थिंगला जोडून घ्यायचे.

माणूस कोण निवडायचा? परवाना असलेला. गावातला पोरगा हुशार असतो, हात चांगला असतो, त्याला काम द्या, पण तपासणीला परवानाधारक ठेकेदार बोलवा आणि मेगरचं रीडिंग तुमच्या वहीत लिहून घ्या. मंजूर भार वाढवायचा असेल तर महावितरणकडे अर्ज करताना तसा टेस्ट रिपोर्ट लागतोच. गिझर आणि इंडक्शन दोन्ही घेतलेत तर बिलावरचा मंजूर भार एकदा वाचा. आमच्या बिलावर अजून एक किलोवॅट छापून येत होता.

कृषी खात्यातले, विद्यापीठातले मित्र ही पोस्ट वाचतात म्हणून त्यांना एक विनंती. शेतकऱ्याच्या खर्चाचा हिशेब काढताना घर आणि गोठा बाहेर ठेवू नका. गोठ्याची वायर, कोठीचा दिवा हा उत्पादनाचाच खर्च आहे. प्रशिक्षणात स्टार्टर आणि कपॅसिटरवर अर्धा तास देता, त्यातली दहा मिनिटं आरसीसीबीला द्या. टेस्टचं बटण दाबून दाखवा, तेवढं पुरे.

आमचं माजघर आणि माडी अजून जुन्या पट्टीवरच आहे, पण आरसीसीबीच्या मागे. दोन एमसीबीच्या जागा त्यासाठी पॅनेलमध्ये धरून ठेवल्यात, सुतळीचं मापही घेऊन ठेवलंय: माजघर ११ मीटर, माडी १९. पुढच्या वर्षी कांद्याने साथ दिली तर माडी आधी, नाहीतर माजघर एकटं. कुणाला सामानाची यादी हवी असेल तर कमेंटमध्ये घराचा प्रकार लिहा, माळवद, धाबं, कौलारू की स्लॅब, आणि मीटरपासून गोठ्यापर्यंतचं अंतर मोजून लिहा. अंदाजे नको, सुतळीने.